शेऱ्याचा रकाना

नगरपरिषद, उमरेड. कर विभाग.
वॉर्ड तीन, घर क्रमांक दोनशे सतरा.
साहेबांची चिठ्ठी आली आहे माझ्या टेबलावर:
'माजी आमदार कै. वामनराव सातफळे यांचे ऐतिहासिक निवासस्थान.
मोजमाप करावे, जुना उतारा जोडावा. गुरुवारपर्यंत.'

पाटी आधीच कोरून झाली आहे.
नागपूरहून टेम्पोत आली, काळी, गुळगुळीत,
आवक-जावकच्या कपाटाशी उभी आहे
भिंतीकडे तोंड करून.

मी वह्या काढते.
एकोणचाळीस वाळवीने खाल्लं, चाळीसची नुसती कड उरली.
मग त्रेचाळीस: कौलारू, मातीच्या भिंती, खण तीन.
वापर: माग एक.
मालकाच्या रकान्यात टाकाच्या शाईने
मुसम्मात सगुणा, बेवा डोमा निनावे.

वाटलं, पुढे कुठे फेरफार असेल.
शेचाळीस: भाडेकरू सातफळे, वकील. भाडे अकरा रुपये.
बावन्न: भाडेकरू सातफळे, एम.एल.ए. भाडे अकरा रुपये.
राजधानी भोपाळला गेली त्या वर्षीही अकरा.
पानं उलटत गेले, अक्षरं बदलली, कारकून बदलले,
पहिला रकाना जागचा हलला नाही.

घरात आता झेरॉक्सचं दुकान आहे.
मागच्या खोलीत यादव निनावे, वय एक्याऐंशी,
फीत बघून आधी घाबरला, मग बोलायला लागला.

"सगुणा माही आत्या.
वकीलसाहेबाचं टेबल मागाच्या खड्ड्यावर होतं, बाई. वर दोन फळ्या.
बोलता बोलता साहेब टाच आपटे,
अन् खालून असा घुमारा निंघे
का लोक म्हनत, काय छाती हाय मानसाची!

आत्याचा माग मागच्या ओसरीत नेला.
तिथं उजेड नाही. काठ चुकत.
साहेबाचा आवाज चढला का ते धोटा थांबवे,
लोकाइले आयकू येऊ दे म्हने."

झेरॉक्सवाल्याकडे कोणी सातबारा घेऊन आलं.
यंत्रातून हिरवा उजेड गेला भिंतीवरून.

"छप्पनची गोष्ट. मी बारा-तेराचा असन.
नागपूरहून छोट्या लाइनीनं रातच्याला आला.
कोनाशी बोलला नाही.
फळ्या सारल्या अन् खड्ड्यात पाय सोडून बसला, पार उजाडेस्तोवर.
आत्यानं चहा देल्ला. म्हने,
साहेब, इथं बसलं का हात चालवा लागते.
नुसतं बसाची जागा नोय हे."

मी विचारलं, मग काय म्हणाले ते?
"काही नाही. चहा पेला."

अन् भाडं?
म्हातारा पहिल्यांदा हसला.
"बासष्टले पडला, तवापासून नाही.
तिनं मांगतलं नाही, त्यानं देल्लं नाही.
घर आपलं हाय, असं तो कधी बोलला नाही, बाई.
लोकच म्हनत. मेला तवा पेपरात आलं, राहत्या घरी.
राहत त होताच."

वहीत मात्र एकाहत्तरपर्यंत अकराच आहेत,
कोण्या कारकुनाने वरचं बघून खाली उतरवलेले.
मीही तेच करत आले आहे अठरा वर्षं.

मोजमाप सुरू केलं.
पुढची खोली चौदा बाय अकरा.
फरशी नवी, पांढरी, टाचेने ठोकली तर
दाराशी बद्द वाजते.
यंत्राच्या पायाशी वाजत नाही तशी.
तिथे आवाज खाली जातो, आणि थोडा उशिरा परत येतो.

झेरॉक्सवाला म्हणाला, मॅडम, काय शोधता?

अर्जात रकाने आहेत:
खोल्या, छत, नळ, शौचालय, वीज.
पोकळीला रकाना नाही.

मालकाच्या जागी मी जुनंच नाव उतरवलं, पूर्ण,
बेवा डोमासकट.
साहेब ओरडतील. पाटीचे पैसे गेलेत.

आणि शेवटी, जिथे आम्ही नेहमी
'निरंक' लिहून मोकळे होतो, तिथे लिहिलं:
माग एक. जागेवर नाही.
खड्डा जागेवर.